नदीतल्या बंदरात जहाज लागतं तेव्हा: सोलापूरच्या पोरांसाठी पहिल्या खेपेची तयारी

सोलापूरला समुद्र नाही. आपल्याकडचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी, आणि होडी म्हणाल तर वारीला गेल्यावर चंद्रभागेत बसलो असू तेवढीच. तरीही आपल्याकडची पोरं मर्चंट नेव्हीत जातात. मी गेलो, आता भाचा निघालाय. त्याचं पहिलं जहाज पश्चिम बंगालमधल्या हल्दियाला लागणार आहे. फोनवर म्हणाला, "मामा, हल्दिया तर नदीवर आहे ना? मग सोपं असेल की. लाटाच नाहीत."

लाटा नसतात हे खरं. पण जागाही नसते. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर चीफ इंजिनियरला शिव्या घालायला तरी वेळ मिळतो. नदीत तेवढ्या वेळात जहाज काठावर चढलेलं असतं. म्हणून पहिल्या खेपेला जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय, बंदरात शिरण्याआधीपासून परत समुद्रात पोचेपर्यंत, त्याच क्रमाने. मी डेकवरचा माणूस आहे, त्यामुळे इंजिनरूमबद्दल थोडंच येईल.

त्याआधी एक. ज्या एजंटमार्फत जाताय त्याच्याकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स आहे का आणि ते चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः बघा. जॉइनिंगसाठी पैसे मागणारा माणूस दिसला की चप्पल घालून बाहेर पडा. बाकीची सगळी सेफ्टी त्यानंतर.

जहाज समुद्रात असतानाच

नदीतलं बंदर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव कोलकात्याचं. १८७० पासूनचं हे बंदर हुगळी नदीच्या मुखाबाहेर समुद्रात असलेल्या सँडहेड्सपासून सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त आत आहे. सोलापूरहून पुण्याला जायला जेवढं अंतर, जवळजवळ तेवढं हुगळीतून वर जायचं. हल्दिया खाली, मुखाच्या बाजूला आहे. बाहेरच्या देशांत एल्ब नदीवर हॅम्बुर्ग, शेल्डवर अँटवर्प, मिसिसिपीवर न्यू ऑर्लिन्स. भाषा बदलते, पद्धत जवळपास तीच.

कागदपत्रं जहाज पोचायच्या आधीच जातात. जनरल डिक्लेरेशन, कार्गो, स्टोअर्स, क्रूचं सामान, क्रू लिस्ट, धोकादायक माल असेल तर त्याची यादी, आणि आजारपणाबद्दलचं हेल्थ डिक्लेरेशन. १ जानेवारी २०२४ पासून हे सगळं एकाच ऑनलाइन खिडकीतून घ्यावं असं बंदरांवर बंधन आलं आहे. हे काम कॅप्टनचं. नव्या पोराचा संबंध एका ठिकाणी येतो, तो म्हणजे स्वतःच्या सामानाची यादी. दोन मोबाइल असतील तर दोन लिहा. सिगारेटची पाकिटं मोजून लिहा. कस्टम्सवाला तुमच्या केबिनमध्ये कधी शिरेल सांगता येत नाही, आणि न लिहिलेल्या वस्तूचा दंड जहाजाला बसला की पुढचे सहा महिने कॅप्टनला तुमचं नाव पाठ असतं.

२००४ च्या जुलैपासून जगभर आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेची नियमावली, लागू आहे. सिक्युरिटीच्या तीन पातळ्या असतात. रोजचा कारभार पहिल्या पातळीवर चालतो, धोका वाढला की दुसरी, हल्ला होणार अशी पक्की खबर असेल तर तिसरी. बंदराची पातळी जहाजापेक्षा वर असेल तर जहाजालाही तेवढं चढावं लागतं. आत शिरण्याआधी नको ती दारं आतून बंद करायची, आणि कोणतं बंद केलं ते लिहून ठेवायचं.

पाण्याचा हिशेब

लेखातला हा भाग दोनदा वाचा. परीक्षेत पाठ करून जे सुटतं ते नदीत सुटत नाही.

पहिली गोष्ट, गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड, दर घनमीटरला साधारण १०२५ किलो. नदीचं १००० किलो. हलक्या पाण्यात तेवढंच वजन तोलून धरायचं तर जहाजाला थोडं खाली जावं लागतं. किती, ते प्रत्येक जहाजाच्या कागदावर मिलीमीटरमध्ये दिलेलं असतं, त्याला फ्रेश वॉटर अलाउन्स म्हणतात. तो २०० मिलीमीटर धरा. नदीमुखाशी पाणी धड खारट नसतं, धड गोडही नसतं. बादलीने पाणी काढून हायड्रोमीटरने घनता मोजली, आली १०१०. मग १०२५ मधून १०१० गेले, उरले १५. त्याला २५ ने भागून २०० ने गुणा. १२० मिलीमीटर. जहाज बारा सेंटिमीटर जास्त खाली बसणार.

बादली कुठून काढायची? जहाजातून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळापासून लांब, आणि वरच्या थरातलं पाणी तेवढं काढू नका. खारं पाणी तळाशी सरकतं, गोडं वर तरंगतं. वरचंच मोजलं तर आकडा फसवतो. हे काम बहुधा तुमच्याकडेच येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे स्क्वॉट. उथळ पाण्यात जहाज पुढे जातं तेव्हा त्याच्या पोटाखालून पाणी जोरात मागे सरकतं, दाब कमी होतो आणि जहाज तळाकडे ओढलं जातं. वेग दुप्पट केला तर हे ओढणं चौपट होतं. अरुंद पाण्यासाठी अंदाजाचं सूत्र सोपं आहे. जहाजाचा ब्लॉक कोएफिशंट (त्याचं पोट किती चौकोनी आहे त्याचा आकडा) गुणिले नॉटमधल्या (ताशी सागरी मैलांतल्या) वेगाचा वर्ग, भागिले ५०. उत्तर मीटरमध्ये येतं.

आता सगळं एकत्र मांडू. नकाशावर एका उथळ पट्ट्याची खोली ७ मीटर, त्यावर भरतीचं ३.५ मीटर, म्हणजे पाणी १०.५ मीटर. जहाजाचा समुद्रातला ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, ९ मीटर. गोड्या पाण्याचे ०.१२ मिळवा. वळणावर जहाज एक अंश जरी कललं तरी ३२ मीटर रुंदीच्या जहाजाची एक बाजू ०.२८ मीटर खाली जाते, तेही मिळवा. ९.४० झाले. ब्लॉक कोएफिशंट ०.८ आणि वेग ८ नॉट असेल तर स्क्वॉट १.०२ मीटर. एकूण १०.४२. तळ आणि जहाज यांच्यात उरले आठ सेंटिमीटर, म्हणजे वीत सुद्धा नाही. तेच जहाज ५ नॉटने नेलं तर स्क्वॉट ०.४० मीटर, खाली ७० सेंटिमीटर मोकळे. आमच्या कंपनीचा नियम ड्राफ्टच्या दहा टक्क्यांचा, म्हणजे इथे ९० सेंटिमीटर हवेत. ७० आहेत. मग काय करायचं? भरती आणखी २० सेंटिमीटर चढेपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायचं. कोणी कितीही घाई केली तरी.

हुगळीत हा हिशेब एकदा करून भागत नाही, कारण तळच जागेवर राहत नाही. नदी गाळ आणते आणि वाळूचे पट्टे सरकवते. गाळ वाहून जावा म्हणून गंगेचं पाणी इकडे वळवायला फरक्काचं धरण १९७५ साली सुरू झालं, तरी गाळ उपसणारे ड्रेजर चालूच असतात. रूपनारायण नदी मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्याला 'जेम्स अँड मेरी' म्हणतात. ऐकायला नवराबायकोचं नाव वाटतं. प्रत्यक्षात ते १६९४ साली तिथे बुडालेल्या एका जहाजाचं नाव आहे. म्हणून नकाशा कितीही ताजा असो, बंदर जाहीर करतं तो ड्राफ्टच शेवटचा.

वरच्या बाजूचाही हिशेब असतो. पूल आणि विजेच्या तारा. जहाज रिकामं असेल तर मास्ट, म्हणजे डोलकाठी, किती वर जातो ते आधी काढतात, आणि तिथे भरती आपल्या विरुद्ध असते.

सुकाणू, इंजिन, नांगर

२६ मार्च २०२४ ला मध्यरात्रीनंतर अमेरिकेत बाल्टिमोर बंदरातून 'डाली' नावाचं कंटेनर जहाज निघालं. पॅटॅप्स्को नदीवरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाजवळ आल्यावर जहाजाची वीज गेली. आली, परत गेली. नांगर टाकला, तरी जहाज पुलाच्या खांबावर गेलं आणि पूल कोसळला. पुलावर काम करणारे सहा जण मेले. जहाजावरच्या पायलटने, म्हणजे बंदराच्या वाटाड्याने, धोक्याचा कॉल दिल्यामुळे पोलिसांना पुलावरची वाहतूक अडवता आली, नाहीतर आकडा कितीवर गेला असता कोण जाणे. जहाजावरचे बहुतेक सगळे आपले, भारतीय. चौकशीत मूळ कारण निघालं ते नीट न बसलेली एक वायर.

म्हणून नदीत शिरण्याआधीच्या टेस्ट 'झाल्या' अशी टिक मारून उरकायच्या नसतात. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघतात, दोन्ही मोटर चालवून. आणीबाणीचं स्टिअरिंग मागच्या खोलीतून चालतं का, ब्रिजशी, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीशी, फोन लागतो का, इमर्जन्सी जनरेटर आपणहून सुरू होतो का, इंजिन मागे फिरतं का. शेवटचं फार महत्त्वाचं. पुढे जाणारं इंजिन सगळ्यांकडे असतं, थांबवणारं तपासून घ्यावं लागतं.

इंजिनरूमची एकच गोष्ट सांगतो. इंजिन थंड ठेवायला जे पाणी आत ओढतात ते तळाजवळून घेण्याऐवजी नदीत वरच्या बाजूच्या तोंडातून घेतात. नाहीतर गाळ थेट फिल्टरमध्ये. फिल्टर तुंबले की तापमान चढतं, आणि तापलं की इंजिन स्वतःच वेग कमी करतं, नेमकं वळणावर.

नांगर दोन्ही तयार हवेत. साखळीवरचे समुद्रातले जादाचे बंध सोडलेले, ब्रेकवर धरलेले, पुढे सारंगासोबत, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमासोबत, माणूस उभा. तो माणूस तुम्ही असाल. वॉकीटॉकीची बॅटरी भरलेली घ्या आणि खिशात दुसरी ठेवा. रात्री तीन वाजता कंटाळा येतो, बसावंसं वाटतं. बसू नका.

पायलटची शिडी

नदीत पायलट घ्यावाच लागतो. हुगळीसारख्या नदीत तर कॅप्टन कितीही जुना असला तरी त्याचं चालत नाही, तळ कालचा आज नसतो. पायलट छोट्या बोटीतून येतो आणि चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून वर चढतो. त्या दोन मिनिटांत त्याचा जीव तुमच्या हातात असतो.

नियम जहाजांच्या सुरक्षेच्या जागतिक सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणात आहेत. दोन पायऱ्यांत ३१ ते ३५ सेंटिमीटर अंतर. खालच्या चार पायऱ्या रबराच्या. शिडी पिळू नये म्हणून मध्ये मध्ये लांब आडव्या फळ्या, प्रत्येकी किमान १.८ मीटर. पाण्यापासून चढाई ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर एकट्या शिडीवर भागत नाही, जहाजाचा मोठा जिना खाली सोडून दोन्ही जोडायचे. जिन्याचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको आणि त्याचं तोंड मागे. शेजारी दिवा लागणारी लाइफबॉय, हिव्हिंग लाइन (फेकायचा बारीक दोर), पुरेसा उजेड, आणि जबाबदार ऑफिसर स्वतः हजर.

माझी चूक सांगतो. थर्ड ऑफिसर म्हणून दुसरीच खेप होती. बंदराचं नाव राहू द्या. शिडी लावली, दिवा लावला, लाइफबॉय ठेवली, सगळं चेकलिस्टप्रमाणे. फक्त शिडीचं वजन वरच्या एका पायरीवर घेतलं होतं, ती पायरी रेलिंगच्या पट्टीत अडकवून. बांधायला सोपं पडतं म्हणून. पायलटची बोट खाली आली, त्याने टॉर्च वर मारला, शिडीकडे दोन क्षण बघितलं आणि बोट वळवली. रेडिओवर एकच वाक्य आलं, "शिडी नीट बांधा, मग बोलवा." वजन पायरीवर नाही, बाजूच्या दोरांवर घ्यायचं असतं. दोन्ही बाजूदोरांना पकड-गाठ मारून ती डेकच्या पक्क्या कडीला बांधायची. पुन्हा बांधून होईपर्यंत भरतीची वेळ निघून गेली. दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी, ती रात्री, आणि त्या नदीत आमच्या लांबीच्या जहाजांना रात्री परवानगी नव्हती. पूर्ण दिवस गेला. कॅप्टन मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पायलट वर आला की कॅप्टन आणि तो बसून माहिती बदलून घेतात. जहाजाचा ड्राफ्ट, इंजिनचा स्वभाव, आज काय बिघडलंय, कुठे कोणतं जहाज समोरून येतंय. पायलट सल्ला देतो, जहाज कॅप्टनचंच राहतं. पायलटची ऑर्डर सुकाण्याने मोठ्याने परत म्हणायची, मग चाक फिरवायचं, आणि फिरवून झालं की परत सांगायचं. लाजून पुटपुटलात तर पोर्ट (डावं) आणि स्टारबोर्ड (उजवं) यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. ऐकू आलं नाही तर विचारा. पायलट चिडला तरी चालेल.

नदीतून वर जाताना

अरुंद पाण्यात आपल्या उजव्या काठाच्या बाजूने चालायचं, जेवढं सुरक्षित असेल तेवढं काठाशी. आडवं वळण आलं आणि पलीकडचं दिसत नसेल तर एक लांब भोंगा. समोरच्याचा इरादा कळेना तर पाच छोटे. भारतात समुद्रातून आत येताना लाल बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) डाव्या हाताला, हिरवे उजव्या. अमेरिकेत नेमकं उलट, तिथे जाल तेव्हा मेंदू उलटा करून ठेवा. लहान होड्यांनी मोठ्या जहाजाच्या वाटेत येऊ नये असा नियम आहे. तो नियम हिलशाचं जाळं टाकून बसलेल्या कोळ्याने वाचलाय की नाही हे भोंगा वाजवल्यावर कळतं. पुढे उभ्या असलेल्या लुकआउटचं काम म्हणूनच आहे. दिसलं की लगेच सांगा, 'ब्रिजवाल्यांना दिसलंच असेल' असं धरू नका.

काठाजवळ आणखी एक गंमत होते. जवळचा काठ जहाजाचं नाक दूर ढकलतो आणि शेपूट स्वतःकडे ओढतो. सुकाणी नवा असेल तर त्याला वाटतं आपलंच चाक चुकलं. वेग कमी केला की हे कमी होतं. पण फार कमी केला की सुकाणू ऐकत नाही. या दोन्हींच्या मधला वेग कोणता, ते पायलटला माहीत असतं, त्याचा पगार त्याचाच आहे.

धक्क्याला लागताना

चंद्रभागेतला नावाडी बघितलाय? उतरवायला काठाशी येताना तो होडीचं तोंड प्रवाहाकडे करतो, मगच टेकवतो. प्रवाहच ब्रेकचं काम करतो. दोनशे मीटरच्या जहाजालाही शक्यतो असंच लावतात. फरक एवढाच, की नावाडी हाताने खुंट धरतो आणि इथे दोर असतात.

दोरांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा परत येतो आणि वाटेत जे येईल ते तोडतो. पूर्वी डेकवर पट्टे रंगवून 'इथे उभं राहू नका' असं दाखवायचे. आता बहुतेक ठिकाणी शिकवतात की दोरावर ताण आहे तोपर्यंत तिथला सगळा डेकच धोक्याचा धरा. दोराच्या फासात पाय टाकायचा नाही, ताणलेला दोर ओलांडायचा नाही, विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर, चालू असलेल्या दोराला हात लावायचा नाही. जुने सारंग अजून 'आरिया' म्हणतात, म्हणजे सोड, आणि 'हबीस', म्हणजे ओढ. हे दोन शब्द पहिल्या दिवशीच पाठ करा, उलटं ऐकलंत तर कोणाचं तरी बोट जातं. १ जानेवारी २०२४ पासून या दोरांची तपासणी आणि नोंद ठेवणं सोलासखाली बंधनकारक आहे. तुम्हाला एखादा दोर केसाळ झालेला, कडक किंवा वितळलेला दिसला तर सांगा. नवीन आहात म्हणून गप्प बसू नका.

हुगळीच्या धक्क्यावर आणखी एक पाहुणा येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीचं पाणी भिंतीसारखं नदीतून वर चढतं, बंगाली लोक त्याला बान म्हणतात. उघड्या नदीत बांधलेल्या जहाजाला तो सरळ पुढेमागे खेचतो. तिथी तुम्हाला आधीच माहीत असतात, सोलापूर पंचांगाचंच गाव आहे. वेळ मात्र बंदराच्या तक्त्यातून घ्यायची. जादा दोर, माणसं जागेवर, गँगवे (धक्क्यावर उतरायचा जिना) उचललेला. लॉकगेटच्या आत, डॉकमध्ये असाल तर हा त्रास नाही.

धक्क्यावरचे दिवस

गँगवेखाली जाळं हवं, शेजारी लाइफबॉय हवी, आणि पाणी चढलं-उतरलं की गँगवे परत सरळ करायला माणूस हवा. चार तासांत जहाज काही मीटर वर गेलेलं असतं, जिन्याचं टोक हवेत लटकतं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र, वेळ. युनिफॉर्ममध्ये आलेल्यालाही विचारा.

आता जिवाची गोष्ट. हल्दियाला कोळशाची जहाजं पुष्कळ येतात, कोलकात्याला लाकडाचे ओंडके यायचे. दोन्ही माल बंद जागेतला ऑक्सिजन खातात. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, आणि होल्डशेजारी शिडी उतरते त्या अरुंद बोळातही, तो इतका खाली गेलेला असू शकतो की चौथ्या पायरीवर शुद्ध जाते. वास येत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. परमिट, मीटरने मोजणी, वारा, बाहेर पहारा, हे सगळं झाल्याशिवाय उतरायचं नाही. खाली मित्र पडलेला दिसला तरी धावत उतरायचं नाही, आधी अलार्म. दर दोन महिन्यांनी याची ड्रिल असते. त्या ड्रिलमध्ये मोबाइल बघत उभं राहू नका.

बाकी पटकन सांगतो. नदीत काहीही टाकायचं नाही, उरलेल्या भाताचा दाणा सुद्धा. पलीकडच्या घाटावर लोक अंघोळ करत असतात. बॅलास्टचं, म्हणजे जहाजाचा तोल सांभाळायला भरलेलं, पाणी चीफ ऑफिसरला विचारल्याशिवाय सोडायचं नाही. बाजूला लटकून रंगवायचं काम असेल तर लाइफजॅकेट आणि सेफ्टी बेल्ट घालूनच. काठ जवळ दिसतो, पण त्या प्रवाहात उजनीतला पट्टीचा पोहणाराही हल्दियाच्या वळणापलीकडे सापडेल. शोअर पास (बंदराबाहेर जायचा परवाना) खिशात ठेवून फिरा, मच्छरदाणी लावून झोपा.

निघताना

सुकाणूची टेस्ट निघण्याआधीच्या बारा तासांत करावीच लागते. माल भरला-उतरला असेल तर ड्राफ्ट सहाही खुणांवर परत वाचायचा, बादली परत काढायची, हिशेब परत मांडायचा. जहाजभर एक फेरी मारून कोणी लपून बसलं नाही ना ते बघायचं.

पायलट खाली समुद्राजवळ उतरतो, बहुधा अंधारात, त्याच शिडीवरून. चढणाऱ्यापेक्षा उतरणाऱ्याला पायरी कमी दिसते, म्हणून उजेड खाली मारायचा, त्याच्या डोळ्यांत नाही. बोट बाजूला होऊन दिवा लांब जाईपर्यंत शिडीपाशीच थांबा. मग शिडी वर घ्या आणि गोड्या पाण्याने धुऊन वाळत टाका. हुगळीचा चिखल वाळला की पायरीवर सिमेंटसारखा बसतो, आणि पुढच्या बंदरात टॉर्च मारून बघणारा दुसराच कोणी पायलट असतो.